आधी दुसरा अंक

हेमाताई राऊळ यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्या कोलंबी सोलत होत्या. बोरिवलीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात स्टुलावर मी, हातात माझ्या पहिल्या दोन अंकी नाटकाचे कागद, आणि ओट्याशी पाठमोऱ्या हेमाताई. उपनगरात नाटक करणाऱ्या प्रत्येकाला त्यांचं नाव ठाऊक होतं, म्हणून मी साकीनाक्याच्या ज्या कारखान्यात नोकरीला होतो तिथून अर्ध्या दिवसाची रजा टाकून, इस्त्रीचा शर्ट घालून गेलो होतो. मला वाटलं होतं की त्या चष्मा लावतील, संहिता हातात घेतील, थोड्या गंभीर होतील. त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "मोठ्याने वाच," म्हणाल्या, "मिक्सर लागला की थांब."

मी वाचत राहिलो, त्या सोलत राहिल्या. मध्येच केव्हातरी त्यांचे हात थांबायचे, पुन्हा चालू व्हायचे. वाचन संपल्यावर हात धुऊन त्यांनी मला नेमक्या त्या जागांवर पेन्सिलीने खुणा करायला लावल्या. जिथे हात थांबले तिथे नाटक आहे, बाकीचं तू लिहिलेलं आहेस, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मला राग आला. खरं सांगायचं तर अजूनही थोडा येतो. पण त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही, आणि त्या कालवणानंतर माझ्यात भांडायची ताकद उरली नाही. नाटक त्यांनी करायला घेतलं.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शाळेतल्या नोकरीबद्दल, बालनाट्याच्या शिबिरांबद्दल माझ्याहून जाणती माणसं लिहिणार आहेत. मी समितीकडून 'शुभारंभाचे प्रयोग' हा विषय मागून घेतला. ताईंनी जितक्या नव्या नाटकांचे पडदे पहिल्यांदा उघडले, तितके आमच्या ओळखीत दुसऱ्या कोणी उघडलेले नाहीत. त्यांतली काही नाटकं वर्षानुवर्षं चालली, काही दोन-तीन प्रयोगांत आटोपली. पण पहिल्या प्रयोगाच्या सकाळी ताईंच्या चेहऱ्यावर जो तजेला असतो तो दोन्ही वेळा सारखाच असतो. पडलेल्या नाटकांबद्दलही त्या लाडक्या पण वाया गेलेल्या भाच्याबद्दल बोलावं तसं बोलतात.

आपल्याकडे शुभारंभ म्हटला की लग्नघर होतं. पेढे, हार, गुच्छ, मेकअप रूममध्ये नटांच्या मावशा आणि आत्या. ताईंच्या शुभारंभाला यातलं काही चालत नाही. नटराजाची पूजा होते, नारळ फुटतो, तोही संस्थेतल्या सर्वांत नव्या माणसाच्या हातून. गुच्छ घेऊन आलेल्यांना त्या हसतमुखाने बाहेर बसवतात आणि आधी बघा तरी फुलं देण्यासारखं आहे का, असं सांगतात. लेखकाला तर विंगेत पाऊल ठेवायची बंदी. त्याने प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेत बसायचं आणि खुर्च्या कुठे कुरकुरतात ते ऐकायचं.

त्यांचा दुसरा हट्ट म्हणजे शुभारंभ उपनगरातच करायचा. निर्माते दादरसाठी अडून बसतात, कारण समीक्षक तिकडे सहज येतात. ताईंचं म्हणणं असं की नाटक बघणारी माणसं केव्हाच मुलुंड-बोरिवलीला राहायला आली, तेव्हा समीक्षकांनीही जरा प्रवास करावा. हे त्या घरच्या अनुभवावरून बोलतात. वडील मूळचे कोकणातले, गिरणीत कामाला. गिरणी बंद पडल्यावर लालबागची खोली सोडून सगळं बिऱ्हाड बोरिवलीला आलं. नाटकाचं वेड मात्र त्या चाळीतूनच सोबत आणलेलं.

त्या वेडाचं मूळ म्हणजे दत्ताराम घाडी. आम्ही त्यांना घाडीकाका म्हणतो, ताई दत्तूदादा म्हणतात. ताईंच्या वडिलांच्या खात्यात नव्याने लागलेला हा मालवणी तरुण कामगारांच्या नाटकांत कामं करायचा. चाळीच्या गणपतीतल्या एका नाटकात लहान मुलीची गरज पडली तेव्हा त्याने छोट्या हेमाला उचलून रंगमंचावर उभं केलं, आणि ती जी तिथे रमली ती रमलीच. गिरणीनंतर घाडीकाकांनी भांडुपला वॉचमनची नोकरी केली, निवृत्त झाले, पण नाटक सोडलं नाही. माझ्या नाटकातले वडील त्यांनीच करायचे, हे ताईंनी पहिल्या दिवशी ठरवून टाकलं होतं. काका तेव्हा सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेले होते.

मुलीच्या भूमिकेत सायली होती. ती मानखुर्दहून यायची. तिचं बाळ काही महिन्यांचं होतं, घरी सांभाळायला कोणी नव्हतं, म्हणून तिने भूमिका नाकारली होती. ताईंनी तिला बाळासकट बोलावलं. घाटकोपरच्या शाळेतल्या आमच्या तालमी ताईंनी ते बाळ मांडीवर ठेवूनच घेतल्या. आम्हाला वाटलं, हा उदारपणा तालमीपुरता असेल. शुभारंभालाही बाळ विंगेत, ताईंच्या खांद्यावर होतं.

आता नाटकाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड कळायची नाही. नाटकाचं नाव 'चावी शेजारी आहे'. एक म्हातारे वडील, त्यांची दोन मोठी मुलं. पहिल्या अंकाच्या सुरुवातीला वडील दूध घेऊन घरात येतात आणि म्हणतात, "चहा टाक गं, आलो मी." अंकाच्या शेवटी ते 'जरा जाऊन येतो' म्हणून बाहेर पडतात आणि चार दिवस गायब होतात. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला परत येतात, प्रवासाची पिशवी घेऊन, आणि पुन्हा तेच म्हणतात, "चहा टाक गं, आलो मी." मग उलगडतं की ज्या भावाशी आयुष्यभर अबोला होता, त्याच्या आजारपणात ते चार दिवस त्याच्या उशाशी बसून आले आहेत. तेच वाक्य दोनदा वापरण्याचा मला कोण अभिमान होता. नाटकाची सगळी मदार त्या रहस्यावर होती.

शुभारंभ मुलुंडला, रविवारी दुपारी चारचा. मी शेवटच्या रांगेत. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, घाडीकाका दुधाची पिशवी घेऊन झोकात आत आले. "चहा टाक गं, आलो मी." टाळी पडली. उशीर का झाला, असं सायलीने विचारलं. काकांनी खुर्चीवर बसत, अगदी हळुवार आवाजात उत्तर दिलं, "वसंता बरा आहे आता. ओळखलं त्याने मला."

हे दुसऱ्या अंकातलं वाक्य होतं. वसंता म्हणजे तो भाऊ. माझं रहस्य पडदा उघडल्याबरोबर फुटलं होतं.

सायलीने क्षणभर विंगेकडे पाहिलं. तिथे ताई उभ्या होत्या. काकांना खुणेने मागे आणता आलं असतं, कोणीही तेच केलं असतं. पण ताईंनी पुढे मला सांगितलं, की त्या वेळी दत्तूदादांचा चेहरा त्या प्रसंगात पूर्ण बुडालेला होता, हाक मारून बाहेर काढलं असतं तर ते तिथेच कोसळले असते. त्यांनी बाळ एका हाताने सावरलं आणि दुसऱ्या हाताने सायलीला पुढे जायची खूण केली. सायली धीराची. तिने दुसऱ्या अंकातला आपला प्रश्न विचारला, "चार दिवस कुठे होतात बाबा?" प्रेक्षागृह हसलं, कारण चार दिवस गायब असलेला माणूस दुधाची पिशवी घेऊन परत आला होता.

मी उठलो, बाहेरून वळसा घालून रंगमंचाच्या मागच्या दाराशी पळालो. दारावरच्या माणसाने अडवलं. मी लेखक आहे म्हटल्यावर तर त्याने दार अधिकच घट्ट धरलं. लेखकाला सोडायचं नाही, असं मॅडमनी बजावून सांगितलंय म्हणाला. आत माझा दुसरा अंक आधी चालू होता आणि मी बाहेर, रिकाम्या बाकड्यावर.

दुसरा अंक छोटा असल्यामुळे मध्यंतर लवकर झालं. कँटीनमधले बटाटेवडे तळून व्हायचे होते आणि लोक हात चोळत उभे होते. पडदा पडल्यावर दारावरच्या माणसाने सोडलं आणि मी मेकअप रूममध्ये पोचलो तेव्हा आमचे निर्माते सावंत घाम पुसत होते. सावंत मूळचे केटरर, नाटकाच्या प्रेमाने यात पडलेले. त्यांचं मत होतं की प्रेक्षकांची माफी मागून सुरुवातीपासून नाटक करावं. माझंही तेच मत होतं, फक्त मी ते जास्त मोठ्या आवाजात मांडत होतो.

घाडीकाका कोपऱ्यात बसले होते. पडदा पडला त्या क्षणी त्यांना कळलं होतं. दुधाची पिशवी अजून मांडीवरच होती.

"गो हेमा, मी पुढे गेलंय," ते म्हणाले. "माका आता बदल. दुसरो माणूस बघ."

ताईंनी बाळ सायलीकडे पाजायला दिलं. खांदा मोकळा झाल्यावर त्या काकांसमोर खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, की पहिला अंक आठवतो ना. तो पाठ आहे, काका म्हणाले. मग तो आता करू या, ताई म्हणाल्या. बस, निर्णय झाला. मला त्यांनी शेवटच्या रांगेत परत पाठवलं.

मध्यंतरानंतर पडदा उघडायच्या आधी ताईंनी स्वतः माइक घेतला. "चार दिवसांपूर्वी," त्या म्हणाल्या. "हेच घर." आणि माझा पहिला अंक सुरू झाला. दूध आलं, चहा झाला, मुलांची थट्टामस्करी झाली, माझे विनोद चालले. मग अंकाचा शेवट आला. मुलगी फोनवर, मुलगा लॅपटॉपमध्ये डोकं घालून. वडील पिशवी उचलतात. "जरा जाऊन येतो. चावी शेजारी आहे." मुलं मान वर करत नाहीत. हा प्रसंग मी हसण्यावारी नेण्यासाठी लिहिला होता. पण आता हा माणूस कुठे निघाला आहे हे सगळ्या प्रेक्षागृहाला माहीत होतं, फक्त त्याच्या मुलांना माहीत नव्हतं. काका दारात थांबले, मुलांकडे पाहिलं आणि गेले. पडदा पडला तरी कोणी हललं नाही. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझ्या शेजारची एक बाई पदर डोळ्यांना लावून बसली होती आणि तिच्या पलीकडे बसलेला तिचा नवरा चष्मा पुसत होता.

माझ्या मूळ क्रमात काहीही चूक नव्हती, हे या निमित्ताने मी पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो. पण त्या शेवटाला एकही खुर्ची कुरकुरली नाही, हेही नोंदवायला हवं.

खरा पेच त्यानंतरच उभा राहिला. लोक भेटून गेले, आणि सावंत म्हणाले की हा उलटा क्रम झकास आहे, हाच ठेवू, पण माणूस बदलू. पुढच्या प्रयोगाला काका आणखी कुठे उडी मारतील याचा काय भरवसा? त्यांचं म्हणणं व्यवहाराचं होतं. माझा दुजोरा होता. काका तर तोंडावरचा रंग न उतरवता रिक्षाने घरी निघून गेले होते. आता एकट्या ताई उरल्या होत्या. त्या आरशासमोर पसरलेलं सामान आवरत होत्या. आवरता आवरताच मला म्हणाल्या, "नाटक तू दुसरं लिहिशील रे नितीन. दत्तूदादा दुसरा मी कुठून आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भांडुपला काकांच्या घरी गेल्या. काका ऐकायला तयार नव्हते. आपली लाज गेली, आता लोकांसमोर उभं राहायचं नाही, असं धरून बसले होते. हे मला पुढे त्यांच्या सुनेने सांगितलं. उद्या पुन्हा विसरलो तर, असं ते सारखं विचारत होते. ताई एरवी शुद्ध बोलतात, पण काकांशी बोलताना त्यांच्या तोंडी घरची मालवणी येते. "इसारलस तर इसारलस," त्या म्हणाल्या. "मी इंगेत आसंय मा."

आणि त्या विंगेत राहिल्या. त्यांनी दोनदा येणारं माझं लाडकं वाक्य एका जागी कापलं, ते कापल्याचं दुःख मला अजून आहे. काकांच्या प्रत्येक प्रवेशाला हातात वेगळी वस्तू दिली आणि तालमी अशा घेतल्या की त्या वस्तूच्या वजनावरून त्यांना पुढचं सगळं आठवावं. प्रयोगात प्रत्येक प्रवेशाआधी ताई स्वतः ती वस्तू त्यांच्या हातात द्यायच्या आणि कानात एक शब्द सांगायच्या. 'गाव' म्हटलं की काका भावाच्या उशाशी बसून आलेले. 'दूध' म्हटलं की चार दिवसांपूर्वीचे. दिग्दर्शकाचं काम शुभारंभानंतर संपतं, अशी आपल्याकडची रीत आहे. ताई मात्र बोरिवली असो, अंधेरी असो, प्रत्येक प्रयोगाला विंगेत हजर. एकदा पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा सायलीच्या नवऱ्याने त्यांना खुर्चीसकट उचलून विंगेत ठेवलं होतं. त्या काळात काकांची कितीतरी कौतुकं झाली, बक्षीसही मिळालं. प्रेक्षकांना यातलं काही माहीत नव्हतं.

मग बोरिवलीच्या एका प्रयोगाला, पडदा उघडायच्या आधी, ताईंनी काकांच्या हातात पिशवी दिली, कानात शब्द सांगितला, आणि काकांनी त्यांच्याकडे वळून विचारलं, "हेमा, खंय जावचा?"

कुठे जायचं ते ताईंनी सांगितलं नाही, पिशवी परत घेतली. काकांचा हात धरून त्यांना खुर्चीवर बसवलं. मग पडद्यापुढे जाऊन प्रयोग होणार नाही असं सांगितलं आणि प्रेक्षकांची क्षमा मागितली. नाटक तेव्हा जोरात चालू होतं, पुढच्या तारखा लागल्या होत्या, दुसरा नट सावंतांनी केव्हाच हेरून ठेवला होता. ताईंनी नाटकच बंद केलं. मी रागाने कितीतरी दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांनी मात्र वेळोवेळी फोन करून नवीन काय लिहितोयस, एवढंच विचारलं. शेवटी मला नवीन नाटक लिहावंच लागलं. तेही त्यांनीच केलं.

गेल्या महिन्यात या ग्रंथासाठी काकांचे आशीर्वादाचे दोन शब्द मिळावेत म्हणून मी ताईंबरोबर भांडुपला गेलो. काका आता पंच्याऐंशीच्या घरात आहेत. खिडकीशी बसलेले असतात. मला त्यांनी ओळखलं नाही. मुलालाही कधी ओळखतात, कधी नाही, असं सून म्हणाली. ताईंना मात्र, त्या चपला काढत होत्या तोवरच, काकांनी विचारलं, "हेमा, नाटक कधी उघडता?"

"आयतवारी," ताई म्हणाल्या.

"मगे तालीम नको?"

ताईंनी खुर्ची ओढली आणि सायलीची वाक्यं म्हणायला सुरुवात केली. काका ताठ बसले. आवाज पातळ झाला आहे, पण ठेवण तीच. भावाचा प्रसंग झाला, दुधाचा झाला, मध्येच कुठल्या तरी जुन्या नाटकातलं एक स्वगत येऊन गेलं, तेही ताईंनी सांभाळून घेतलं. सुनेने चहा आणला तेव्हा, तालीम चालू आहे, म्हणून काकांनी तिला दटावलं. मला तिथे उभं राहवेना. मी बाहेर जिन्यात येऊन डोळे पुसले.

सून मागोमाग आली. ताई दर आठवड्याला येतात, ती सांगत होती. दर वेळी काका हेच विचारतात आणि दर वेळी ताई येत्या रविवारचं सांगतात. मग तो आठवडाभर काका वेळेवर जेवतात, दाढी करून घेतात, औषधाला नाही म्हणत नाहीत. उतरताना मी ताईंना म्हटलं, की तुम्ही म्हाताऱ्याला चांगलंच फसवताय. त्या जिन्याचा कठडा धरून थांबल्या. गुडघे दुखतात आता त्यांचे. "फसवते कुठे?" म्हणाल्या. "मी पण तयारीच करतेय ना."

तेव्हा हेमाताईंना पंचाहत्तरीच्या शुभेच्छा देताना या ग्रंथातल्या सगळ्यांच्या वतीने माझी एक मागणी आहे. ताई, गुडघ्यांचं औषध वेळेवर घ्या. डॉक्टरांशी वाद घालू नका. शंभरी गाठा आणि तेव्हाही अशाच खमक्या राहा. घाडीकाकांचा शुभारंभ येत्या रविवारी आहे, आणि तुमच्याशिवाय तो पडदा उघडणार नाही.